कै. लो. ध. सावळे स्मृती काव्यपुरस्कार

"भाऊ, परत आलं," कोकिळा म्हणाली आणि तिनं लिफाफा माझ्यासमोर देवघेवीच्या रजिस्टरवर ठेवला.

दुपारचे तीन वाजले होते. वाचनालयात दोनच वाचक होते आणि त्यांतला एक झोपला होता. मी लिफाफ्यातला कागद काढला. वर आमच्या मोरवडच्या कोर्टाचा शिक्का, खाली नर्मदेपलीकडच्या एका शहरातल्या पोलीस ठाण्याचा शिक्का, आणि दोन्हींच्या मध्ये हिंदीत शेरा होता. त्याचा अर्थ एवढाच की सदर व्यक्ती दिलेल्या पत्त्यावर राहत नाही, शेजारीपाजारी चौकशी केली, ठावठिकाणा लागला नाही.

"तिसरी खेप," ती म्हणाली. "पहिल्यांदा घराला कुलूप होतं. दुसऱ्यांदा परगावी गेलेला. आता राहतच नाही. पुढच्या खेपेला जन्मलाच नाही म्हणतील."

मी रजिस्टर हळूच डावीकडे सरकवलं. त्याखाली सकाळी आलेला दिवाळी अंक उघडा पडला होता.

"झाकू नका," कोकिळा म्हणाली. "बघितलंय मी."

तिनंच अंक ओढून घेतला. डाव्या पानावर कवी यदुनंदन यांचं छायाचित्र होतं. गळ्यात मफलर, हनुवटीखाली मूठ, नजर कुठेतरी लांब. उजव्या पानावर त्यांची 'लेकीस' ही कविता होती, आणि कवितेखाली बारीक टायपात कवीचा पत्ता: घर क्रमांक, गल्ली, दत्तमंदिराच्या मागे, पिनकोडसुद्धा. वॉरंटवर होता तोच.

"संपादकाला सापडतो," कोकिळा म्हणाली. "पोस्टमनला सापडतो. मानधनाची मनीऑर्डर सही करून घेतो. फक्त पोलिसाला सापडत नाही. भाऊ, हा कवी आहे का भूत?"

यदुनंदन म्हणजे आमच्या मोरवडचा यादव देवरे, कोकिळेचा नवरा. मुलगी तीन वर्षांची असताना तो नोकरीच्या निमित्तानं पलीकडच्या राज्यात गेला तो गेलाच. नर्मदा ओलांडताना यादवचा यदुनंदन झाला. तिथल्या मराठी मंडळात त्याचा जम बसला. कोर्टानं मुलीसाठी महिना तीनशे रुपये पोटगी ठरवून दिली होती. स्वतःसाठी कोकिळेनं काही मागितलंच नव्हतं. तीनशेतला एक रुपयाही कधी आला नाही.

कोकिळा आमच्या वाचनालयाची पुस्तकं बांधून द्यायची. मी इथला ग्रंथपाल, आणि तिचे वडील लोटनआबा इथे शिपाई होते. झाडलोट, पाणी, टपाल आणि फाटक्या पुस्तकांचं बाईंडिंग, सगळं त्यांच्याकडे. ते गेल्यावर खळीचं पातेलं आणि दाभण तिच्याकडे आलं.

"वाचा ना," ती म्हणाली. "तुम्हाला कवितेतलं कळतं. मला समजावून सांगा."

मी नको नको म्हणत दोन ओळी वाचल्या.

तुझ्या पैंजणांची रुणझुण, लेकी, अजून माझ्या कानी,
माझ्या पावलांची चाहूल तुजला कळते का गं राणी?

"पैंजण कधी घेतलेच नाहीत," कोकिळा म्हणाली. "आणि चाहुलीचं म्हणाल तर, डाव्या बाजूनं ट्रक आला तरी पोरीला कळत नाही."

ऋचा तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचे कान वाहायचे. डाव्या कानाचा पडदा गेला होता आणि नाशिकच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की उन्हाळ्याच्या आत ऑपरेशन करा, नाहीतर उजवाही जाईल. खर्च साडेतीन हजार. बांधणीचे कोकिळेला पुस्तकामागे चार रुपये मिळत. माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला आणि मी तो थांबवला, कारण एवढी पुस्तकं आमच्या वाचनालयात नव्हतीच.

संध्याकाळी मी तिच्याबरोबर पिंगळे वकिलांकडे गेलो. म्हणजे तिनं नेलं. वकील, डॉक्टर आणि बँकेचा मॅनेजर यांच्यासमोर माझी जीभ टाळ्याला चिकटते. तरी कोकिळा मला सगळीकडे नेई. माझं अक्षर चांगलं होतं आणि अर्ज मी लिहून देत असे, म्हणून असेल असं मला वाटायचं.

"पोटगीची थकबाकी वर्षाच्या आत मागावी लागते," पिंगळे म्हणाले. "वर्ष उलटलं की मागची बुडाली. म्हणजे आता आपल्या हातात बाराच महिन्यांचे छत्तीसशे आहेत, आणि तेही फेब्रुवारीपर्यंत."

"मग पुन्हा पाठवा वॉरंट," कोकिळा म्हणाली.

"पाठवू. पुन्हा येईल. तिकडचा हवालदार तुमच्या मुलीसाठी सायकल कशाला हाणेल? त्यातून तुमचा नवरा तिथल्या पोलिसांच्या गणेशोत्सवात कविता म्हणतो." पिंगळ्यांनी चष्मा पुसला. "तो आपल्या हद्दीत पाय ठेवील तर गोष्ट वेगळी. आपला हवालदार तिथल्या तिथं धरील. पण तो सासऱ्याच्या मयतीला आला नाही, आता कशाला येतोय?"

जिना उतरताना कोकिळा मध्येच थांबली.

"सत्काराला येईल," ती म्हणाली.

"काय?"

"पुरस्कार द्या त्याला. वाचनालयातर्फे. शाल दाखवली तर नर्मदा पोहून येईल तो."

मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली, कारण ती हसत नव्हती.

"अगं, पण मी खोटं पत्र कसं लिहू?"

"खोटं कुठंय त्यात? पुरस्कार द्यायचाच आहे ना? शाल खरी, नारळ खरा, हवालदारही खरा."

पुढचे चार दिवस मी तिला टाळलं. पाचव्या दिवशी ती बांधलेल्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन आली. बरोबर ऋचा होती. पोर दाराशी उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "आजोबा, गोष्टीचं पुस्तक द्या!" कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी, सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल अशी. भिंतीवरच्या 'शांतता राखा' या पाटीखाली बसलेल्या एका सभासदानं तिच्याकडे रागानं पाहिलं. तिला ते कळलं नाही. मी पुस्तक दिलं आणि कोकिळेला म्हणालो, "पुरस्कार कोणाच्या नावानं द्यायचा?"

"आबांच्या," ती म्हणाली. जणू प्रश्नाची वाटच बघत होती.

"त्याला कळेल ना! सासऱ्याचं नाव!"

"त्यानं आबांना कधी 'अहो' सोडून हाक मारली नाही. लग्नपत्रिकेवर नाव होतं तेवढंच. नाही कळणार. आणि कळलं, तर येणार नाही. मग निदान एवढं तरी समजेल की नाव लक्षात होतं."

मी कागदावर लिहिलं: लोटन धनाजी सावळे. ते शिपायाच्या हजेरीपटावरचं नाव दिसत होतं. मग माझ्या हातून आपोआप आद्याक्षरं पडली: कै. लो. ध. सावळे. मी बघतच राहिलो. आडनावाआधी दोन अक्षरं लावली की आपल्याकडे कोणीही माणूस थेट व्याख्यानमालेच्या फलकावर जाऊन बसतो. खळीच्या पातेल्याशी उकिडवे बसणारे लोटनआबा एका क्षणात विचारवंत झाले.

वाचनालयाचे अध्यक्ष कापसाचे व्यापारी होते. त्यांना मी मसुदा दाखवला.

"लो. ध. सावळे," ते म्हणाले. "व्वा. मोठा माणूस होता."

मी मान खाली घातली. लोटनआबांनी त्यांना वीस वर्षं चहा आणून दिला होता.

"फोटोत मी कुठं असेन?" अध्यक्षांनी विचारलं.

"मधे."

"मग ठेवा कार्यक्रम."

पत्र लिहायला मला तीन दिवस लागले. रोख रक्कम एक हजार एक, शाल, श्रीफळ, मानपत्र आणि प्रवासखर्च. रक्कम वाचनालय देणार आहे असं मी कोकिळेला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

आठव्या दिवशी उत्तर आलं, रजिस्टर पोस्टानं. 'माझ्या मातीनं मला हाक मारली,' अशी सुरुवात होती. खाली अटी होत्या. प्रवासखर्च पहिल्या वर्गाचा हवा, फलकावर छायाचित्र हवं (सोबत पाठवलं होतं), आणि गावात काही कौटुंबिक गैरसमज असल्यानं व्यासपीठावर खासगी विषय निघू नयेत. शेवटी एक ओळ होती: 'कै. लो. ध. सावळे यांच्याविषयी मला लहानपणापासून नितांत आदर आहे.'

कोकिळेनं ती ओळ दोनदा वाचली. मग तिनं ते पत्र घडी घालून मला परत दिलं. "फाइलला लावा," म्हणाली.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात कार्यक्रम झाला. सभागृह भरलं होतं. यादव बायको-पोर टाकून गेला हे गावाला ठाऊक होतं. पण यदुनंदन रेडिओवर येतो हेही ठाऊक होतं, आणि दुसरी गोष्ट जास्त ताजी होती. फलकाखाली उभं राहून लोक एकमेकांना विचारत होते, "हे लो. ध. म्हणजे कोण हो?" आणि विचारलेला माणूस म्हणत होता, "अरे, लो. ध. माहीत नाहीत?"

दाराशी हवालदार निकम उभे होते. मी त्यांना साध्या वेषात या म्हटलं होतं. ते सफारी घालून आले होते आणि पायात मात्र पोलिसी तांबडे बूट होते.

"भाऊ, वॉरंट खिशात आहे," ते माझ्या कानाशी म्हणाले. "आता धरू का?"

यादव नुकताच रिक्षातून उतरला होता. अध्यक्ष त्याला हार घालत होते.

"आता धरा की," मी म्हणालो.

निकमांनी दोन पावलं टाकली आणि थांबले. "हार घातलाय हो गळ्यात. हार घातलेला माणूस कसा धरायचा? लोक काय म्हणतील? शाल होऊ द्या."

शाल झाली. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी लांबूनच हात हलवला: नारळ होऊ द्या. नारळही झाला, एक हजार एकचं पाकीट दिलं गेलं. मी पुन्हा पाहिलं. ते तोपर्यंत खुर्चीवर बसले होते. ओठांनीच म्हणाले, "भाषण होऊ द्या."

प्रास्ताविक माझं होतं. मी काय बोललो ते मला आठवत नाही. चार वाक्यं बोललो आणि तिसरं दोनदा बोललो. मग अध्यक्ष उठले.

"लो. ध. गेले," ते म्हणाले, "आणि मोरवड पोरकं झालं. त्यांचे विचार आजही आपल्याला वाट दाखवतात."

टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत कोकिळा बसली होती. शेजारी ऋचा पाय हलवत होती.

मग यादव उठला. त्यानं आधी चष्मा काढून खिशात ठेवला. फोटोत डोळे दिसावेत म्हणून तो असं करतो, हे मला माहीत होतं. चष्म्याशिवाय त्याला पहिली रांगसुद्धा धड दिसत नसे.

"आज मला पुरस्कार मिळाला यापेक्षा तो कोणाच्या नावानं मिळाला याचं मोल मला मोठं आहे," तो म्हणाला. आवाज खरंच चांगला होता. "लो. ध. सावळे! माझ्या कवितेला पहिली दाद दिली ती त्यांनी. मी पोरसवदा होतो. त्यांच्या पायाशी बसून मी शब्द शिकलो. एकदा माझ्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, 'बाळ, लिही. तुझ्यात काही आहे.' तो हात मला आजही खांद्यावर जाणवतो."

मागच्या रांगेत कोणीतरी फसकन हसलं. बाईंडिंगचा पुठ्ठा पुरवणारा दुकानदार होता तो. त्याला लोटनआबांचं पूर्ण नाव बिलांमुळे पाठ होतं. त्यानं शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं. शेजाऱ्यानं पुढच्याच्या. ती कुजबुज एकेक रांग पुढे सरकताना मला व्यासपीठावरून दिसत होती. यादवला दिसत नव्हती. त्याला वाटलं, सभागृह हेलावलं आहे.

"आता लेकीवरची एक कविता म्हणतो," तो म्हणाला, "आणि तुमची रजा घेतो. ती म्हणताना माझा कंठ दाटून येतो, सांभाळून घ्या."

कंठ ठरल्या जागी दाटला. पैंजण झाले, रुणझुण झाली. लाज वाटते, पण सांगतो, मलाही गलबललं. मी निकमांकडे पाहिलं. ते रुमालानं डोळे टिपत होते. कुजबुजणारे लोकही गप्प झाले. लो. ध. म्हणजे कोण हे कळूनही ते गप्प झाले. आपल्याकडे कवितेची ताकद मोठी आहे.

"माझ्या पावलांची चाहूल तुजला…" यादव म्हणाला आणि थांबला. तो नेहमी तिथे थांबत असावा.

"आई, हा काय म्हणतोय?" ऋचा मोठ्यानं म्हणाली. "मला ऐकू येत नाहीये!"

लोक वळले. यादवनं आवाजाच्या दिशेनं मान केली आणि हसला. कवी रसिकांकडे बघून हसतात तसं.

"बाळ, पुढे ये," तो माइकवर म्हणाला. "इथे माझ्याजवळ बस. कवितेला असे निरागस श्रोते हवेत. ये, घाबरू नकोस. नाव काय तुझं?"

ऋचा जागची हलली नाही. तिला ऐकूच आलं नव्हतं.

"लाजली," यादव सभागृहाला म्हणाला. "नाव सांग ना बाळ."

कोकिळा उभी राहिली.

"ऋचा यादव देवरे," ती म्हणाली.

यादवचा हात खिशातल्या चष्म्याकडे गेला आणि तिथेच राहिला. अध्यक्ष मला विचारत होते, "हे कार्यक्रमपत्रिकेत आहे का?" आणि तेवढ्यात तांबड्या बुटांचा आवाज करत निकम व्यासपीठाच्या पायऱ्या चढले. त्यांचे डोळे अजून ओले होते.

"साहेब, कविता फार चांगली होती," ते म्हणाले. "चला."

त्याला आधी वाचनकक्षात नेलं. शाल अंगावर, नारळ मांडीवर, असा तो मासिकांच्या टेबलाशी बसला. निकमांनी वॉरंट वाचून दाखवलं. छत्तीसशे भरा, नाहीतर उद्या कोर्टापुढे उभे राहा.

"माझ्याकडे परतीचं तिकीट आहे," यादव म्हणाला. "आणि दोनशे रुपये."

"आणि हे पाकीट," निकम म्हणाले. "एक हजार एक. हे जमा धरतो."

"ते पाकीट भाऊंना द्या," दारातून कोकिळा म्हणाली. "ते त्यांच्या खिशातले आहेत. माझ्या पोरीच्या कानाला त्यांचे पैसे नकोत. ज्याचे आहेत त्यानं द्यावेत."

तिला कसं कळलं हे विचारायचा धीर झाला नाही. वाचनालयानं कधी कोणाला पन्नासच्या वर दिले नव्हते, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

यादवनं आता चष्मा लावला होता. तो कोकिळेकडे बघतच नव्हता. मुलीकडेही नाही. तो माझ्याकडे बघत होता.

"भाऊ, तुम्हीसुद्धा?" तो म्हणाला. "मी याच टेबलाशी बसून वाचायला शिकलो. तुम्ही मला कपाटाची किल्ली देत होता. आणि ही सोयरीक तरी कोणाच्या शब्दावर झाली? म्हातारा माझ्या तोंडावर म्हणाला होता, 'डहाळे भाऊ म्हणाले म्हणून पोरगी देतो.' विचारा यांना, म्हणाले होते की नाही!"

मी म्हणालो होतो. तेरा वर्षांपूर्वी, याच खोलीत. लोटनआबांनी हाताची खळ धोतराला पुसली आणि विचारलं होतं, "भाऊ, तो यादव कसा काय पोरगा आहे? तुम्ही रोज बघता." मी त्याच्या घरी कधी गेलो नव्हतो. त्याच्या आईला ओळखत नव्हतो. तो काय कमावतो, कोणाशी कसं बोलतो, कोणाचं काय देणं लागतो, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. मी म्हणालो, "फार चांगला. पुस्तक वेळेवर परत करतो. पान दुमडत नाही. पेन्सिलीची खूणसुद्धा करत नाही."

लोटनआबांनी आयुष्यभर लोकांनी फाडलेली पानं चिकटवली होती. त्यांना आणखी काही विचारावंसं वाटलं नाही. मलाही आणखी काही सांगायला हवं असं वाटलं नाही. आमच्या दोघांच्या जगात माणसाची परीक्षा तेवढ्यावर संपत होती.

ही गोष्ट मी कोकिळेला कधी सांगितली नव्हती. मी तिच्याकडे पाहिलं नाही, पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "आबांनी जाताना सांगितलं."

"अगं, मग तू कधी…"

"म्हणून तर दर वेळी तुमच्याकडेच आले. वकिलाकडे चला, कोर्टात चला, अर्ज लिहा. अर्ज लिहिणारे कोर्टाबाहेर दहा बसतात, भाऊ. तुम्हाला काय वाटलं, तुमचं अक्षर चांगलं म्हणून?"

तिचा आवाज चढला नव्हता. निकमांनी नारळ यादवच्या मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला आणि त्याला उठवलं.

तीन रात्री यादव कोठडीत होता. चौथ्या दिवशी तारेनं मनीऑर्डर आली, छत्तीसशेची. पिंगळ्यांनी चौकशी केली तेव्हा कळलं की पलीकडच्या मराठी मंडळानं संकटात सापडलेल्या कवीसाठी वर्गणी काढली होती. म्हणजे ऋचाच्या कानाला शेवटी तिच्या बापाचा पैसा लागला नाहीच; पन्नास-साठ अनोळखी रसिकांचा लागला. कोकिळा म्हणाली, "कोर्टातून आलाय ना? मग त्याचाच." मार्चमध्ये नाशिकला ऑपरेशन झालं. डावा कान अर्धामुर्धा सुधारला, उजवा वाचला. पोर हळू आवाजात बोलायला लागली. वाचनालयातले सभासद तेव्हापासून तिचं कौतुक करू लागले.

यादवनं कोठडीवर सहा कवितांची मालिका लिहिली. ती पुढच्या दिवाळी अंकात आली. पत्ता बदललेला होता. पोटगी आली नाही.

फेब्रुवारी जवळ आला तशी कोकिळा पुन्हा दुपारी तीन वाजता आली. या वेळी मी आपण होऊन अर्ज लिहून ठेवला होता. रात्री जागून नाही, पण चांगले दोन दिवस खपलो होतो. असा अर्ज कोर्टानं वाचला नसेल, असं मला मनातून वाटत होतं. तिनं खुर्ची ओढली, माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि वाचू लागली.

"'एका निष्पाप बालिकेच्या आर्त हाकेला,'" ती वाचत म्हणाली. "निष्पाप कशाला? पापी असती तर पोटगी नको होती का?"

"तसं नाही, जरा परिणाम…"

तिनं ओळीवर काट मारली. "'पित्याच्या मायेला पारखी झालेली'. हे काढा. माया मागितलेली नाही आपण." पुन्हा काट. "'जिच्या डोळ्यांतले अश्रू'. कोणी बघितले? तुम्ही?"

"नाही," मी म्हणालो.

"मीपण नाही. ती रडतच नाही. काढा."

पान उलटून तिनं आणखी तीन ठिकाणी काट मारली. मग कागद माझ्यापुढे सरकवला. सव्वा पानातल्या चार ओळी उरल्या होत्या: नाव, आदेशाचा क्रमांक, थकलेले महिने, रक्कम.

"रक्कम वर घ्या," ती म्हणाली. "पहिल्या ओळीत. आणि नवा पत्ता नीट लिहा, पिनकोडसकट."

मी नवा कागद घेतला आणि तिनं सांगितलं तसं लिहिलं.